अक्का महाडला चालत निघाल्या

आमच्या अक्कांना उभी गाडीसुद्धा लागते. घाटात वळणं सुरू झाली की खिडकीकडे धावणारी माणसं पुष्कळ असतात, त्यांचं काही विशेष नाही. पण एका लग्नाच्या वेळी जीप मांडवासमोर नुसती उभी होती, चालवणारा पान खायला गेला होता, आणि मागच्या बाकावर बसलेल्या अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"थांबवा रे, थांबवा!"

"अक्का, अजून सुरूच नाय केली," कोणीतरी म्हणालं.

"मग सुरू झाल्यावर माझं काय होईल?" असं म्हणून त्या खाली उतरल्या आणि चालू लागल्या. याला तीस वर्षं तरी झाली. तेव्हापासून चाकं असलेल्या कुठल्याही वस्तूत आम्ही त्यांना बसलेलं पाहिलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली नणंद, तुमच्या आजोबांची मोठी बहीण. मुलांनो, तुम्ही फोनवर "ती चालणारी आजी कशी आहे?" असं विचारता आणि मी "बरी आहे" एवढंच सांगते, कारण फोनवर अक्का मावत नाहीत. म्हणून हे लिहून पाठवते.

अक्कांची वाडी पोलादपूर तालुक्याच्या डोंगरात, पण महाडच्या अंगाला. आम्ही महाडला. मधलं अंतर पायवाटेने वीसेक किलोमीटर. अक्का ते महिन्यातून एकदा चालत यायच्या, दोन दिवस राहायच्या आणि परत चालत जायच्या. "अक्का, एवढ्या लांब कशाला चालता?" असं कोणी विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "पाय काय भाड्याचे हायत?" हे वाक्य त्या सगळीकडे वापरत. बसायला पाट दिला तरी, जिना दाखवला तरी, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तरी.

अंतर सांगण्याची त्यांची पद्धत तर बाहेरच्या माणसाला रडवणारी. नुसतं "इथंच हाय" म्हटलं तर एक टेकडी. "हे काय, इथंच तर हाय" म्हटलं तर दोन टेकड्या आणि एक ओढा. आणि हनुवटी वर करून "हेऽऽ इथंच" म्हटलं, तर घरी निरोप ठेवून निघावं. तुमच्या आजोबांनी लग्नानंतर मला पहिली गोष्ट शिकवली ती ही.

अक्कांच्या मुलाच्या लग्नाला वऱ्हाडाची बस केली होती. अक्का नवरदेवाच्या आई. त्या आदल्या दिवशी पहाटे हातात काठी घेऊन एकट्याच निघाल्या. दुसऱ्या दिवशी आमची बस घाटात बंद पडली. दोन तास उशिरा, घामाघूम होऊन आम्ही मांडवात पोचलो, तर अक्का पाय धुऊन, नवं लुगडं नेसून, विहीणबाईंच्या शेजारी बसून आमची वाट बघत होत्या. "काय रे, चालत आलात काय?" असं त्यांनी आम्हालाच विचारलं.

तर अशा अक्कांच्या तांदळात एकदा खडा निघाला.

ही गोष्ट तुम्हाला लहान वाटेल. पण अक्कांनी निवडलेला तांदूळ म्हणजे आमच्या घरातली शेवटची खात्री होती. मुंबईहून आलेल्या त्यांच्या मुलाच्या दाताखाली तो आला, आणि त्याने आईचं ताट आपल्याकडे ओढून पाहिलं, तर त्यात आणखी दोन. पुढच्या आठवड्यात पोलादपूरला डोळ्यांचं शिबिर होतं, तिथे त्या चालत गेल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता थांबलात तर पुढे आमच्याही हातात राहणार नाही.

अक्का थांबल्या. एकदा राब भाजायचा होता. रोपांसाठी शेताचा तुकडा पालापाचोळा घालून भाजतात, ते काम. एकदा शिमगा होता. एकदा गाय व्यायची होती; गाय व्याली तेव्हा वासराला एकटं कसं सोडायचं हा प्रश्न आला. शेवटी गेल्या चैत्रात त्यांनी निरोप पाठवला: ऑपरेशनला महाडला येते, पण चालत. आणि मुलाने यायचं नाही, कारण तो आला की गाडी आणतो. मंगलने यावं. मंगल म्हणजे मी.

तुमच्या आजोबांनी लगेच दोन्ही गुडघे पुढे केले. "मी गेलो असतो गं," ते म्हणाले, "पण हे बघ." गुडघ्यांना बाहेरून काहीही झालेलं नव्हतं.

मी आदल्या दिवशी वाडीवर जाऊन राहिले. माझ्या पिशवीत ग्लुकोजची पाकिटं, पट्ट्या, दोन बाटल्या पाणी, टॉर्च आणि छत्री होती. पायांत तुम्ही पाठवलेले बूट होते. अक्कांच्या पिशवीत तांदळाच्या चार भाकऱ्या, सुकटीची चटणी, एक लुगडं आणि चपला. चपला पायात नाहीत, पिशवीत. त्या महाडच्या वेशीवर घालायच्या.

"अक्का, पायात घाला ना. दगड आहेत."

"चपलेतून पायाला काय कळतं गो? वाट मुकी होते."

मला ते त्यांचं नेहमीचं विक्षिप्त बोलणं वाटलं.

शिवाय मी एक गुप्त व्यवस्था केली होती. महाडचा इस्माईल रिक्षावाला माझा जुना विद्यार्थी. त्याला मी इंग्रजी शिकवलं होतं. दुबईत पंधरा वर्षं काढताना ते फार उपयोगी पडलं असं तो सांगतो, मला त्याची उत्तरपत्रिका आठवते. त्याने पायवाट जिथे जिथे डांबरी रस्त्याला मिळते तिथे रिक्षा घेऊन उभं राहायचं, अक्का दमल्या की बसवायचं, असं ठरलं होतं.

पहाटे पाचला निघालो. वाडीत अक्कांचं सोडून घरं एकवीस, त्यांतल्या चारांत चूल पेटते. बाकीची माणसं मुंबईला, काही वर गेलेली. अक्का गल्लीतून चालता चालता प्रत्येक दारासमोर थांबल्या.

"काय गो पार्वती, उठलीस काय? मी महाडला चालले." मग जरा चिरका आवाज काढून स्वतःच म्हणाल्या, "जा गो बाय, सावकाश जा." पुढच्या दारात, "तुकाराम, गोठा झाडलास की नाय? शेण कोण काढील, सरकार?" आणि घोगऱ्या आवाजात, "झाडतो गो अक्का, जरा दम खा." असं एकवीस दारांत. चार ठिकाणी आतून खरंच उत्तर आलं, ते इतरांइतकं चांगलं नव्हतं. पार्वतीच्या कडीला गंजलेलं कुलूप मी टॉर्चच्या उजेडात पाहिलं. मी हसू दाबलं. म्हातारपणी माणूस असं करतं, मी स्वतः कुकरशी बोलते.

उतारावर अक्का पुढे, मी मागे. "डाव्या अंगानं ये, इथं दगड निसटतो. आता मूळ हाय, पाय उचल. हां, आता वाळू." टॉर्च माझ्याकडे होता आणि वाट त्या दाखवत होत्या. मी दोनदा घसरले, त्या एकदाही नाही. ह्या बाईला कसला मोतीबिंदू, असं माझ्या मनात आलं. डॉक्टरांचीच तपासणी चुकली असेल.

आठ वाजेपर्यंत सुख होतं. करवंदाच्या जाळ्या लागल्या होत्या, खाली सावित्री नदीच्या पात्रात पाण्याची डबकी चमकत होती, राब भाजलेले शेतांचे काळे तुकडे उतारावर ठिगळांसारखे दिसत होते. नऊनंतर ऊन असं उतरलं की बोलणं बंद झालं. कोकणातलं ऊन घाटावरच्यासारखं कोरडं नसतं. ते ओल्या घोंगडीसारखं अंगावर पडतं. माझी छत्री तापली, बूट तापले, चष्म्याची दांडी कानाला चटका द्यायला लागली. अक्कांनी पदर डोक्यावरून घेतला होता आणि त्या एकाच चालीने चालल्या होत्या, जराही घाई नाही आणि थांबणंही नाही.

"अजून किती, अक्का?"

"हे काय, इथंच तर हाय."

मी मनात दोन टेकड्या आणि एक ओढा धरला. बरोबर निघालं.

पहिल्या डांबरी रस्त्याला एका मोरीचं काम चाललं होतं. कामावर कोणी नव्हतं, कडेला सिमेंटच्या गोणी रचून वर लाल कापड टाकलेलं. अक्का थबकल्या आणि गोणींकडे बघून म्हणाल्या, "काय वो पाव्हनं, उन्हात बसलाव ते? या, भाकरी खा आमच्यासंगट."

मला इतकं हसू आलं की मी छत्री खाली टेकली. "अक्का, पाहुणे फार जड आहेत, उठणार नाहीत!"

अक्काही हसल्या. पण माझ्यानंतर. तो मधला क्षण मला तेव्हा खटकला आणि मी तो सोडून दिला.

इस्माईल पलीकडे रिक्षा लावून उभाच होता. "बाई, काय योगायोग! इकडनंच चाललो होतो. अक्का, बसा."

"तू रोज रिकामी रिक्षा घेऊन रानात येतोस काय रे?"

"हवा खायला, अक्का."

"मग खा," अक्का म्हणाल्या, आणि चालू लागल्या. दुसऱ्या ठिकाणी तो परत भेटला तेव्हा त्याने योगायोग म्हणायचं सोडलं होतं. "बाई, लोक विचारतात, दोन म्हाताऱ्या पुढं आनी रिक्षा मागं, कुनाची मिरवणूक हाय? तुम्ही तरी बसा." मला खरंच बसायचं होतं. अक्कांच्या पाठीकडे बघून मी नाही म्हटलं.

साडेअकराच्या सुमाराला हायवे आला. चौपदरी झाल्यापासून तो ओलांडणं म्हणजे नदी ओलांडण्यासारखं आहे. अक्का कडेला उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझा हात धरला. "तू घाबरशील," म्हणाल्या. मान किंचित वाकडी करून त्या उभ्या होत्या. एक ट्रक गेला, एक एसटी, दोन मोटारसायकली. मग सगळं शांत झालं.

"गेली सगळी. चल."

त्यांनी पाऊल टाकलं आणि मी त्यांचा पदर धरून मागे ओढलं. एक पांढरी मोटार आमच्या समोरून वाऱ्यासारखी गेली. ती विजेवर चालणारी होती, तिला आवाज नव्हता. अक्का माझ्यावर आदळल्या. पिशवी रस्त्यात पडली, एक चप्पल बाहेर आली.

"काय होतं गो?"

"मोटार होती, अक्का."

"आवाज कुठं होता?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. भर दुपारचं लख्ख ऊन होतं. अर्धा किलोमीटर दुरून येणारी पांढरी मोटार होती.

"अक्का, तुम्हाला ती दिसलीच नाही?"

मी चप्पल उचलून पिशवीत घातली, हात धरून त्यांना पलीकडे नेलं आणि एका आंब्याखाली बसवलं. इस्माईल तिथे आधीच येऊन थांबला होता. त्याने सगळं पाहिलं होतं. तो रिक्षातून पाण्याची बाटली घेऊन आला आणि जरा लांब बसला.

अक्का बराच वेळ पायाचा तळवा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "पायवाटेचं काय नाय. तळव्याला सगळं पाठ हाय. आनी ती गाडी लागायची, ती कधीच बंद झाली. कुनाला न सांगता मधी एकदा एसटीत बसून बघितलं. पण गाडीत बसलं की कुठं आलो ते कळत नाय मला. नुसतं पांढरं पांढरं पळतं बाहेर. चालताना कळतं."

"किती वर्षं?"

"झाली चार-पाच."

"मग आतापर्यंत थांबलात कशाला? उद्या सकाळी होऊन जाईल. अर्ध्या तासाचं काम."

"मंगल, मी परत जाते. तू ह्याच्या रिक्षातून घरी जा."

आणि त्या खरंच उठल्या. ऊन एवढं, निम्म्याहून जास्त वाट चालून झालेली, आणि त्यांनी तोंड डोंगराकडे केलं. त्या एकदा गेल्या असत्या तर परत आल्या नसत्या, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या वर्षी डॉक्टरांच्या हातात काही राहिलं नसतं. मी त्यांचा हात सोडला नाही.

"राब झाला, शिमगा झाला, वासरू मोठं झालं," मी म्हटलं. "आता काय राहिलं, अक्का? खरं सांगा."

त्या खाली बसल्या. लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत राहिल्या.

"पार्वतीच्या दारात गेले ना, की मला दार नीट दिसत नाय. उघडं हाय का बंद, कळत नाय. मग मी म्हणते, असेल उघडं. हाक मारते. तुकारामाचं तसंच. सगळ्यांचं तसंच." त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. "नजर परत आली म्हणजे कुलपं दिसतील गो. सतरा कुलपं. रोज सकाळी."

"पण तुम्हाला माहीत आहे ना, की पार्वती..."

"माहीत नाय तर काय? तिच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलंय. माहीत हाय म्हणून रोज बघत बसायचं काय?"

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. कोणी चुकलं की काय म्हणायचं हे मला नेहमी सुचलेलं आहे. त्या आंब्याखाली मी त्यांच्या बोटाला गुंडाळलेला काठ सोडवत बसले. इस्माईल मान खाली घालून गवताची काडी मोडत होता.

थोड्या वेळाने अक्कांनी हात लांब करून माझा चेहरा चाचपला. कपाळ, चष्मा, गाल.

"तू कशी दिसतेस गो आता? मला तू अजून काळ्या केसांचीच दिसतेस. बाकीचं मी मनानंच घालते."

"केस पांढरे झालेत सगळे. गालावर सुरकुत्या आहेत."

"जाडी झालीस?"

"थोडीशी."

"थोडीशी नाय, अक्का," लांबून इस्माईल म्हणाला.

अक्कांना हसू फुटलं. असं हसल्या की त्यांना पाण्याची बाटली द्यावी लागली. मग त्या माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. डोंगराकडे एकदा बघितलं, किंवा बघितल्यासारखं केलं, आणि महाडच्या दिशेला वळल्या. का, ते बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही, विचारल्यावर त्यांनी परत तोंड फिरवलं असतं तर?

उरलेली वाट आम्ही हातात हात घालून चाललो. वाटेत एका सावलीला ऊन कलेपर्यंत बसलो, भाकरी इस्माईलसकट तिघांनी खाल्ली. नंतर तो रिक्षा आमच्या चालीने हळूहळू शेजारून चालवत होता आणि अक्का त्याला मध्येच बजावत होत्या, "मला लागते हां गाडी, लांबून चालव." दिवे लागायच्या सुमाराला महाड आलं. वेशीवर अक्कांनी पाय झटकले, चपला घातल्या, आणि तिथून आमच्या घरापर्यंत त्या पहिल्यांदाच अडखळत चालल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात गेलो; तो आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. माझ्या पायांना एवढे फोड आले होते की लंगडत मीच होते आणि परिचारिका पेशंट समजून मलाच आत न्यायला लागली. अक्कांनी तो घोटाळा मिटवायची काही घाई केली नाही. शेवटी त्यांना हिरवा झगा घालून बसवलं. डॉक्टर तरुण होते, हातात कागद.

"आजी, आज उजवा करू. महिन्याने डावा."

"उजवा करा," अक्का म्हणाल्या. "डावा राहू दे."

"म्हणजे नंतर करायचा ना?"

"नंतर नाय. कधीच नाय. एक पुरे."

डॉक्टरांनी समजावलं. दोन्ही झाले म्हणजे अंतर नीट कळतं, पडण्याची भीती कमी होते, सगळं स्वच्छ दिसतं. त्यांचं एकेक वाक्य बरोबर होतं. अक्का शाळेतल्या हुशार मुलीसारख्या मान हलवत ऐकत होत्या.

"एका डोळ्यानं रस्ता दिसेल ना? हिचे पांढरे केस दिसतील? तांदळातला खडा?"

"दिसेल. पण आजी, डाव्याचं काय कारण लिहू इथे?"

अक्कांनी जरा विचार केला.

"लिवा, तो पार्वतीच्या कामाचा हाय."

डॉक्टर गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं, शिकलेली बाई आहे, ही तरी समजूत घालील.

"लिहा तसंच," मी म्हटलं.